'द फॉरबिडन किंगडम' : मारामारी अव्वल, पटकथा कच्ची. नेमकं कुठे बिनसलं?

प्रश्न असा आहे : जॅकी चॅन आणि जेट ली पहिल्यांदा एकत्र आले तो २००८ चा 'द फॉरबिडन किंगडम' पाहताना मारामारी चालू असेपर्यंत नजर हलत नाही, आणि ती थांबली की सिनेमा लगेच ढेपाळतो. मग या मारामाऱ्यांत तंत्राच्या दृष्टीने नेमकं चांगलं काय आहे, पटकथेत नेमकं काय चुकलंय, आणि थोडक्या बदलांनी ती सावरता आली असती का?

आधी उत्तराचा गाभा. या सिनेमातला सगळ्यात नीट 'लिहिलेला' प्रसंग म्हणजे देवळातली ती लांबलचक मारामारी. तिच्यात जवळजवळ संवाद नाहीत, पण प्रत्येक हालचालीला कारण आहे, अडथळा आहे आणि तिचा पुढच्या हालचालीवर परिणाम आहे. पटकथेतल्या बहुतेक प्रसंगांना कारण असतं, कधीकधी अडथळाही असतो, परिणाम मात्र नसतो. हा एकच दोष वेगवेगळ्या रूपांत पावणेदोन तासांभर दिसत राहतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा. बॉस्टनमधला जेसन ट्रिपिटिकस हा कुंग फू सिनेमांचं वेड असलेला पोरगा. लुपो नावाचा गुंड त्याला धाक दाखवून म्हाताऱ्या हॉपचं दुकान लुटायला लावतो, हॉपला गोळी लागते, आणि दुकानातली एक जुनी काठी घेऊन पळालेला जेसन छतावरून पडतो तो थेट प्राचीन चीनमध्ये. ती काठी वानरराजाची. जेड सेनापतीने फसवून त्याला दगड करून ठेवलंय, आणि काठी परत नेणारा कोणीतरी येईल अशी भविष्यवाणी आहे. वाटेत त्याला दारुडा विद्वान लू यान (जॅकी चॅन), मूक भिक्षू (जेट ली) आणि सूडाने पेटलेली गोल्डन स्पॅरो (लिऊ यिफेई) भेटतात. जॅकी चॅन म्हातारा हॉपही आहे आणि जेट ली वानरराजही. दिग्दर्शक रॉब मिन्कॉफ, पटकथा जॉन फुस्को यांची, मारामाऱ्या युएन वू-पिंग यांच्या, कॅमेरा पीटर पाउ यांचा.

आता देवळाकडे. लू यान आणि भिक्षू या दोघांनाही तीच काठी हवी आहे. हे ऐकायला साधं वाटतं, पण चांगल्या मारामारीचा पाया इथेच पडतो. 'तुला हरवायचंय' ही इच्छा कॅमेऱ्याला दिसत नाही; 'ती काठी हवी' ही दिसते. काठी कोणाच्या हातात आहे यावरून कोण वरचढ आहे हे प्रेक्षकाला एकही शब्द न बोलता, क्षणोक्षणी कळतं. फाइट मास्टर अशा वस्तूच्या शोधातच असतो, कारण ती नसेल तर सात-आठ हालचालींनंतर सगळे ठोसे सारखे दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन शरीरांचा फरक. जॅकी चॅन पेकिंग ऑपेराच्या हाँगकाँगमधल्या निवासी शाळेत वाढलेला. त्याच्या अंगात कसरत, विनोद आणि आसपासची वस्तू पटकन वापरण्याची सवय आहे. त्याची लय मुद्दाम तुटक असते. जेट ली बीजिंगच्या वुशू (चिनी युद्धकला) संघातला, पाच वेळा राष्ट्रीय विजेता. त्याचं शरीर सरळ रेषेत जातं, हात पूर्ण लांबतो, आणि हालचाल संपली की तो परत स्थिर पवित्र्यात येतो. चित्रीकरणाच्या वेळी, २००७ मध्ये, चॅन ५३ वर्षांचा होता आणि ली ४४ चा. युएन वू-पिंग यांनी दोघांना एकाच साच्यात बसवलं नाही. चॅनला झुकणं, डुलणं, पडता पडता वार करणं दिलं, आणि लीला पवित्रे आणि कोन दिले. पन्नाशी ओलांडलेल्या नटाला उंच उड्यांपेक्षा जमिनीलगतचं काम द्यावं, त्यात तो खरा दिसतो. दारुड्याची शैली त्यासाठी फार सोयीची आहे. ती चॅनला आणि युएन वू-पिंग यांना नवीनही नव्हती : १९७८ चा 'ड्रंकन मास्टर' युएन वू-पिंग यांनीच दिग्दर्शित केला होता, नायक चॅन होता.

तिसरी गोष्ट चढण. मोकळ्या हातांची झटापट, काठी, पशुपक्ष्यांच्या शैली, दारुड्याची शैली, असे टप्पे बदलत राहतात. शैली बदलणं म्हणजे नुसती नवी नक्षी नव्हे. समोरच्याने आधीची शैली निकामी केली म्हणून नवी काढावी लागते. मी मारामारी वाचताना हीच कसोटी लावतो : प्रत्येक टप्पा 'आणि मग'ने जोडलाय की 'म्हणून'ने? देवळात तो बहुतेक ठिकाणी 'म्हणून'ने जोडलाय.

आता थोडं यंत्रकाम, कारण 'मारामारी छान' एवढं म्हणून भागत नाही. हाँगकाँगच्या पद्धतीत अख्खी मारामारी दहा बाजूंनी दहा कॅमेऱ्यांवर घेऊन नंतर एडिटमध्ये जुळवत नाहीत. ती तुकड्यातुकड्याने रचतात : चार ते दहा हालचालींचा एक तुकडा, त्याला साजेसा एकच कोन, तो पक्का झाला की पुढचा. म्हणजे कट कुठे पडणार हे सेटवरच ठरलेलं असतं. फ्रेममध्ये डोक्यापासून पावलापर्यंत माणूस दिसतो, कारण वाराची ताकद पायातून आणि कमरेतून येते. फक्त छाती आणि हात दाखवले तर ठोसा हलका वाटतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतली काठी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही, टोक किती वेगाने फिरतंय याआधी त्यांची नजर खेळणाऱ्याच्या कमरेकडे जाते.

वेगासाठी कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमऐवजी २२ किंवा २१ ने चालवतात आणि पडद्यावर २४ नेच दाखवतात. २२ ला गती साधारण ९ टक्के वाढते, २१ ला १४ टक्के, आणि एवढं डोळ्याला खुपत नाही. २० ला ती थेट २० टक्के वाढते. तिथे कपड्यांचं फडफडणं आणि केसांचं पडणं खोटं दिसायला लागतं, आणि नट बोलत असेल तर ओठच चुगली करतात. लांब बाह्यांचे झगे आणि लांब केस असलेल्या अशा सिनेमात म्हणूनच फार खाली जाता येत नाही.

फटका लागला हे पटवण्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, पासिंगचा कोन : कॅमेरा, ठोसा आणि चेहरा एका रेषेत असले की मधलं वीतभर अंतर दिसत नाही. दोन, कट. रुंद शॉटमध्ये फटका बसताना दाखवून जवळच्या शॉटमध्ये तो दोन-तीन फ्रेम मागून पुन्हा सुरू करतात. मेंदूला हे दोन फटके वाटत नाहीत, एकच जोरदार फटका वाटतो. उलट फटक्याच्या आधीच कट मारून पुढच्या शॉटमध्ये माणूस उडताना दाखवला तर काहीच लागलं नाही असं वाटतं. तीन, धूळ : कपड्यांवर आधी टाल्कम पावडर किंवा मुलतानी माती भुरभुरतात, फटक्याबरोबर ती उडते आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीवर चमकते. पडक्या देवळासारख्या जागेत तर हे फारच शोभतं, कारण धूळ तिथलीच वाटते.

केबलचं, म्हणजे नटाला तारेने हवेत उचलण्याचं काम जास्त नाजूक. पोशाखाखाली हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेले पट्टे असतात. कोलांटीसाठी दोन्ही नितंबांच्या बाजूंना तार अडकवतात, फटक्याने मागे फेकायचं असेल तर पाठीच्या मध्यभागी. कप्पीवरून तार ओढणारी माणसं असतात आणि त्यांचं टायमिंग हे नटाच्या टायमिंगइतकंच महत्त्वाचं. बिघडतं ते नेहमी तीन ठिकाणी. नटाने जमिनीला रेटा देण्याआधीच तार ओढली तर तो उडी मारत नाही, उचलला जातो. हवेत गती एकसारखी राहिली तर शरीराला वजन उरत नाही. आणि उतरताना तार शेवटपर्यंत ताणलेली राहिली तर गुडघे वाकत नाहीत, पाऊल नुसतं टेकतं. उपाय असा, की पहिला रेटा नटाचा हवा, मधला भाग तारेचा, आणि जमिनीला लागायच्या किंचित आधी तार सैल. या सिनेमात देवळाच्या प्रसंगात हे तोल बऱ्यापैकी सांभाळलेत. शेवटच्या युद्धात, वानरराज आणि जेड सेनापती यांच्या झुंजीत, ते सुटतात. तिथे दोघेही दैवी, दोघांना लागत काही नाही, हवेतला वावर जास्त, त्यामुळे कौशल्य असूनही धाकधूक होत नाही.

इतर मारामाऱ्यांबद्दल थोडक्यात. चहाच्या घरातली झटापट खेळकर आहे आणि तिचं काम करते : लू यान किती उस्ताद आहे ते कळतं, आणि गोल्डन स्पॅरो टोळीत येते. जेसनच्या मारामाऱ्या साहजिकच कटांवर उभ्या आहेत. न शिकलेल्या नटाला एका शॉटमध्ये दोन-तीनच हालचाली द्याव्यात, नाहीतर तो पुढची हालचाल आठवायला लागतो आणि ते डोळ्यांत दिसतं. जेसन झालेल्या मायकल अँगारानोला तेवढंच दिलंय, ते योग्यच केलं.

आता पटकथा.

देवळातली मारामारी संपते कशी ते आठवा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. जेसन हाच भविष्यवाणीतला काठी आणणारा, हे भिक्षूला कळतं आणि भांडण मिटतं. दोन महान योद्धे एवढा वेळ जीव तोडून लढले, आणि त्या लढाईने त्यांच्यातलं काहीही बदललं नाही. कोणी कोणाचा ऋणी नाही, कोणाला जखम नाही, कोणाच्या मनात अढी नाही. पुढच्या प्रसंगात ते एकत्र चालू लागतात. आतून इतकी घट्ट बांधलेली मारामारी कथेत शून्य किमतीला विकली जाते. ती काढून टाका आणि त्या जागी 'मी पण येतो' असं एक वाक्य ठेवा : कथा तसूभर हलत नाही. मारामारीच्या सिनेमाची पटकथा तपासायची ही सगळ्यात सोपी कसोटी आहे. प्रत्येक मारामारी कागदावरून खोडून पाहायची. त्यानंतरचं पान जसंच्या तसं राहिलं, तर चूक फाइट मास्टरची नाही, लेखकाची आहे.

दोन मोठे तारे समान पातळीवर ठेवायचे म्हटलं की लेखक याच कोपऱ्यात सापडतो, कारण एकाला हरवता येत नाही. पण बरोबरीतही परिणाम साधता येतो. समजा भिक्षूच्या एका वाराने लू यानचा दारूचा भोपळा फुटला आणि पुढचा वाळवंटाचा प्रवास त्याला दारूशिवाय करावा लागला; त्याची शैलीच दारूवर चालते, म्हणजे तो आता अर्धा योद्धा. किंवा भिक्षूने अट घातली : येतो, पण काठी माझ्याजवळ राहील. मग प्रवासभर काठी कोणाकडे हा प्रश्न जिवंत राहिला असता, आणि शिष्य म्हणून जेसनला दोघांपैकी एकाची बाजू घ्यावी लागली असती. सध्याच्या सिनेमात दोघे गुरू त्याला एकाच वेळी दोन दिशांना ओढतात ती फक्त गंमत होऊन राहते.

मुळातला दोष भविष्यवाणीचा. भविष्यवाणी वाईट नसते, पण ती निर्णयाची जागा घेते तेव्हा कथा थांबते. जेसन चीनमध्ये येतो तो काठीमुळे. काठी परत न्यायची हे ठरतं लू यानच्या गोष्टीमुळे. सोबत मिळते ती भविष्यवाणीमुळे. 'या प्रसंगात कोणी काय ठरवलं, आणि त्याची किंमत काय मोजली?' असे दोन रकाने करून प्रसंगवार भरत गेलं तर नायकाच्या नावासमोर बराच काळ कोरी जागा राहते.

तो पहिला खरा निर्णय घेतो तो लू यान बाणाने जखमी झाल्यावर. अमृत मिळालं तर लू यान वाचेल म्हणून जेसन एकटाच काठी घेऊन जेड सेनापतीच्या महालात सौदा करायला जातो. हा प्रसंग मला फार आवडतो. यात पोरगा चूक करतोय, सगळ्यांचं ध्येय पणाला लावतोय, आणि तेही प्रेमापोटी. शिवाय सेनापतीने ते अमृत आधीच त्याच्यासाठी लढणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या नि-चांग या बाईला कबूल केलेलं असतं, म्हणून तो दोघांना झुंजायला लावतो. सिनेमात कथेशी खऱ्या अर्थाने बांधलेली मारामारी ही एकच : वस्तू एक, गरजू दोन, आणि दोघांची गरज खरी. पण ती येते फार उशिरा, आणि येते तीही लगेच विरते. जेसन हरतो, आणि हरण्याची किंमत वसूल व्हायच्या आत मित्र दारात हजर. त्याच्या चुकीबद्दल त्याला कोणी रागावतही नाही. हाच सौदा सिनेमाच्या मध्यावर आणला असता, काठी खरोखर शत्रूच्या हाती गेली असती, तर उरलेला अर्धा भाग आपोआप उभा राहिला असता : जे भविष्यवाणीने दिलं ते स्वतःच्या निर्णयाने गमावलं, आता ते भविष्यवाणीशिवाय परत मिळवायचं.

दुसरा मोठा दोष वानरराजाचा. त्याची कथा आली आहे सोळाव्या शतकातल्या, वू चंगएन यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'पश्चिमयात्रा' या शंभर अध्यायांच्या चिनी कादंबरीतून. त्या कादंबरीतला भिक्षू त्रिपिटक म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. सातव्या शतकात तो खराच भारतात आला, नालंदेत शिकला, आणि पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्रातही फिरला. इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकाराला जागतात आणि अपमानाचा सूड घेतात; लढाईपूर्वी मद्य पिणारे वीर आणि मद्य पाजलेले हत्तीही त्या वर्णनात आहेत. जेसनचं आडनाव त्याच त्रिपिटकावरून बेतलंय.

कादंबरीतला वानरराज पाचशे वर्षं डोंगराखाली अडकतो तो स्वतःच्या उन्मत्तपणामुळे. स्वर्गात धुमाकूळ घालतो, कोणाला जुमानत नाही, आणि शेवटी बुद्धाच्या तळहातापुढे हरतो. सुटका होते ती भिक्षूचं रक्षण करण्याच्या अटीवर. डोक्यावर आवळणारं कडं असतं. म्हणजे त्याच्याकडे अपराध आहे, ऋण आहे, आणि बदलायला वाव आहे. सिनेमात काय केलं? जेड सेनापती त्याला म्हणतो, शस्त्र ठेव, नियमाने लढू. तो विश्वासाने काठी ठेवतो आणि दगड होतो. आता तो नुसता फसलेला भला जीव उरला. सुटल्यावर त्याला काही शिकायचं नाही, काही फेडायचं नाही. जेट लीने त्या भूमिकेत जीव ओतलाय, चेहऱ्याचं काम मनापासून केलंय, पण पात्राला पुढे जायला जागाच नाही. मूळ कथेतला सगळ्यात दणकट खांब काढून घेतला आणि त्यावरचं छत तसंच ठेवलं, असं हे झालंय.

याच्याशीच जोडलेलं गुपित : मूक भिक्षू हा वानरराजाच्या केसापासून बनलेलं त्याचंच एक रूप आहे. हे शेवटी उघड होतं. नट एकच असल्यामुळे बऱ्याच प्रेक्षकांना आधीच अंदाज येतो, म्हणून धक्का बसत नाही. आणि गुपित लपवल्यामुळे जे खरं नाट्य होतं ते हातचं जातं. भिक्षूला हे आधीपासून माहीत आहे, आणि आपल्यालाही मध्यावर कळलं, असं धरून तेच प्रसंग पाहा. हा माणूस ज्या कामासाठी चाललाय ते पुरं झालं की तो स्वतः उरणार नाही. मग तो जेसनला काठी शिकवतो त्या साध्या प्रसंगालाही वेगळं वजन येतं, आणि लू यानशी त्याचा वाद 'कोण चांगला शिक्षक' यापुरता राहत नाही. यासाठी नवा सेट नको, नवी मारामारी नको, एक लहान संवाद पुरे. मला विचाराल तर या सिनेमाची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी दुरुस्ती हीच.

अमरत्वाचे नियमही सैल आहेत. लू यान आधी अमर म्हणून मिरवतो, बाण लागल्यावर कळतं की तो अमर नाहीच. सेनापती अमर, पण जेडच्या (हिरव्या मौल्यवान दगडाच्या) काट्याने मरू शकतो. कल्पनारम्य कथेत नियम कितीही विचित्र चालतो, फक्त तो लढाईआधी आणि नुकसानीसकट दाखवावा लागतो. म्हणजे पहिल्या पाऊण तासात एखाद्या दुय्यम अमर सरदाराला सगळी शस्त्रं निष्फळ ठरताना आणि जेडचं एक लहान टोक चालताना दाखवायचं. मग शेवटी तो काटा हातात आला की प्रेक्षक श्वास रोखतो. नुसतं तोंडी सांगितलेलं अर्ध्या तासात विसरलं जातं.

गोल्डन स्पॅरोवर झालेला अन्याय मला सगळ्यात जास्त खटकतो. तिचं कुटुंब सेनापतीने मारलं, ती स्वतःबद्दल 'ती' म्हणून बोलते, जणू सूड पुरा होईपर्यंत 'मी' म्हणायचा हक्कच नाही. पात्र उभं करायची ही सुंदर युक्ती आहे. तो जेडचा काटा तिने त्याच्यासाठीच जपलाय. आणि शेवटी ती प्रयत्न करते, मारली जाते, आणि त्याच काट्याने सेनापतीला मारतो जेसन. तिचं आयुष्यभराचं काम नायकाच्या खात्यात जमा झालं. दुरुस्ती एका शॉटची : काटा खाली पडलाय, जेसनच्या हाताशी आहे, सेनापती पाठमोरा आहे, आणि जेसन तो स्वतः न वापरता तिच्याकडे फेकतो. त्याची परिपक्वता त्यातूनच दिसली असती. नि-चांगबाबतही हेच. लियांग युशेंग यांच्या कादंबरीतून आलेली ही बाई मुळात प्रेमात फसवली गेलेली आहे; इथे तिच्या वाट्याला लांब केस, चाबूक आणि दुष्ट हसू एवढंच उरलं. ही भूमिका करणाऱ्या ली बिंगबिंगच्या डोळ्यांत त्याहून जास्त काही करायची तयारी दिसते.

संवादांचा प्रश्न वेगळा. प्राचीन चीनमध्ये सगळे इंग्रजी बोलतात, हे एक वेळ मान्य करू. पण चॅन आणि ली यांचं टायमिंग शरीरात आहे, आणि त्यांच्यावर लांबलचक माहितीची वाक्यं टाकली आहेत, तीही परक्या भाषेत. वाक्य आठवून बोलणाऱ्या नटाची मान स्थिर होते, खांदे ताठरतात, आणि देवळात जो माणूस पाण्यासारखा वाहत होता तोच चहाच्या टेबलाशी ओंडक्यासारखा बसतो. अशा नटांना वाक्य छोटं द्यावं आणि हाताला काम द्यावं : दारू ओतणं, काठी पुसणं, वाळवंटात पाणी मोजून वाटणं. माहिती तीन प्रसंगांत विभागून, प्रत्येक वेळी कोणीतरी ती नाकारतोय किंवा लपवतोय अशा रीतीने दिली की ती भाषण वाटत नाही.

हे सगळं लिहिताना एक व्यवहारी गोष्ट लक्षात ठेवावी. ॲक्शन डायरेक्टरला पटकथेचा शेवटचा मसुदा हातात देऊन 'इथे पाच मिनिटं मारामारी' म्हणणं ही चूक अजूनही सर्रास होते. त्याला दुसऱ्या मसुद्याच्या वेळीच बसवावं, आणि प्रत्येक मारामारीसाठी लेखकाने तीन ओळी लिहून द्याव्यात : कोणाला कोणती दिसणारी वस्तू हवी आहे, आड काय येतंय, आणि संपल्यावर कोणाचं काय गेलं. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर ती मारामारी अजून चित्रीकरणाला तयार नाही. फाइट मास्टर मग त्या तिसऱ्या ओळीतून शेवटची हालचाल काढतो. पहिल्या दोन ओळी तो बहुधा स्वतःच शोधतो.

शेवट बॉस्टनमध्ये. जेसन परत येतो, लुपोला बदडतो, हॉप जिवंत निघतो, आणि समोरच्या दुकानातली मुलगी गोल्डन स्पॅरोसारखीच दिसते. सगळं भरून आलं, म्हणजे काहीच गेलं नव्हतं. सुरुवातीला जेसनचा अपराध अगदी नेमका होता : धाकापुढे झुकून त्याने गुंडांना एका म्हाताऱ्याच्या दारापर्यंत नेलं. ही गोष्ट लुपोला मारून फिटत नाही. हॉपजवळ बसून, पोलिसांसमोर 'दार मी उघडायला लावलं' असं त्याने म्हटलं असतं, तर तो चीनमधून काय घेऊन आला हे कळलं असतं. लुपोशी झुंज त्यानंतरही ठेवता आली असती, तीन-चार हालचालींची, एका शॉटमध्ये, काठीशिवाय.